कुसळ आणि मुसळ : दुसऱ्याचा न्याय करण्याआधी



मागच्या आठवड्यात चौथीच्या वर्गात म्हणी घेत होते. 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही' ही म्हण फळ्यावर लिहिली. कुसळ मुलांना लगेच कळलं. रानातून येताना मोज्यांना, चड्डीला चिकटून येतं आणि टोचत राहतं ते. मुसळ मात्र आता घराघरांत राहिलेलं नाही, म्हणून त्याचं चित्र काढून दाखवलं. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "पण मॅडम, एवढं मोठं मुसळ डोळ्यात जाईलच कसं?" सगळा वर्ग हसला. मीही हसले.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मनात घोळत राहिला. कारण हे कुसळ-मुसळ मी शाळेच्या पुस्तकाआधी दुसरीकडे ऐकलं होतं. आमचं घर नगर जिल्ह्यातलं, ख्रिस्ती. लाईट गेली की आजी कंदिलाच्या उजेडात आम्हाला पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. मराठी बायबलमध्ये येशूच्या तोंडी हेच दोन शब्द आहेत, कुसळ आणि मुसळ. विषय एकच : दुसऱ्याचा न्याय करू नका.

ही शिकवण नेमकी काय आहे, काय नाही, आणि रोज मुलांना पारखण्याचंच काम करणाऱ्या आपण शिक्षकांनी तिचं काय करायचं, यावर आज लिहिते. पण आधी माझी एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

माझी एक नोंद

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची, आधीच्या शाळेतली. (त्या ताईंना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.) तिसरीत एक मुलगा होता. डोक्याने चांगला, पण गृहपाठ कायम अर्धवट. पालक सभेला त्याच्या घरून कोणीच यायचं नाही. वडील ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. आई गावातच असायची. तीन सभा झाल्या आणि तिन्ही वेळा रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढची सहीची जागा रिकामी राहिली. मी नोंदीत लिहून टाकलं, 'पालकांचे सहकार्य नाही.'

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मधल्या सुट्टीत चहा पिताना मी म्हणाले, "त्या आईला पोराचं काही पडलेलंच नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. विषय संपला.

चौथ्या सभेच्या दुसऱ्या दिवशी तो मुलगा फळा पुसता पुसता सहज म्हणाला, "मॅडम, काल आई आली होती. फाटकापासून माघारी गेली." संध्याकाळी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले. आईने चहा ठेवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग खाली बघतच म्हणाली, "मॅडम, टेबलावर ती शाई असती ना. सगळ्या बाया सह्या करत्यात. त्यांच्या म्होरं अंगठा कसा लावायचा? पोरगं बी तिथंच उभं असतंय."

ती शाई म्हणजे स्टॅम्प पॅड. तो मीच ठेवला होता, रजिस्टरच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा. सोय म्हणून!

ती चारही वेळा फाटकापर्यंत आली होती. रोज रात्री ती मुलाला वही उघडून बसवत होती आणि स्वतः शेजारी बसत होती. वहीत काय लिहिलंय ते तिला कळत नव्हतं. पान भरलेलं दिसलं की अभ्यास झाला, असं ती समजत होती. म्हणजे तिच्या न येण्याचं कारण माझ्या टेबलावर होतं आणि मी ते तिच्या स्वभावात शोधत होते. मुसळ डोळ्यात जातं ते असं.

नोंद मी बदलली. पण तोंडातून गेलेलं वाक्य? पुढच्या जूनमध्ये त्या मुलाचे नवे वर्गशिक्षक मला म्हणाले, "त्याच्या घरी अभ्यासाकडे कुणाचं लक्ष नाही, नाही का?" माझंच वाक्य, फिरून माझ्याकडे आलं होतं. ते खोडायचं तर तिची गोष्ट सांगावी लागणार, आणि जी गोष्ट लपवायला ती चार वेळा फाटकातून परत गेली ती मी चारचौघांत कशी सांगू? मी एवढंच म्हणाले, "सर, ते माझं चुकलं होतं." त्यांना ते पटलं की नाही, ठाऊक नाही.

येशूने काय सांगितलं?

नव्या करारातल्या मत्तयच्या पुस्तकात ५ ते ७ हे तीन अध्याय म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन. त्यातल्या ७व्या अध्यायाच्या पहिल्या पाच वचनांत आपला विषय येतो. त्यात तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट मापाची. ज्या मापाने तुम्ही दुसऱ्याला मोजाल, त्याच मापाने तुम्हाला मोजलं जाईल, असं येशू सांगतो. लूकच्या पुस्तकात हीच शिकवण आहे आणि तिथे माप धान्याचं आहे : दाबून, हलवून, शिगोशीग भरलेलं. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. घेताना पायली शिगोशीग आणि देताना हात मारून सपाट, असा दुकानदार गावाला माहीत असतो. माणसांना मोजताना आपणही असेच वागतो. आपल्याला उशीर झाला तर एसटी चुकली, मुलाला उशीर झाला तर तो बेशिस्त. आपलं काम राहिलं तर ऑनलाइन माहिती भरायची होती, पालकांचं राहिलं तर ते बेजबाबदार. स्वतःला मोजताना आपण कारणं धरतो, दुसऱ्याला मोजताना फक्त कृती धरतो. ही दोन मापं झाली.

दुसरी गोष्ट कुसळ-मुसळाची. मूळ ग्रीकमध्ये मुसळाच्या जागी जो शब्द आहे त्याचा अर्थ घराच्या छताला लागणारी तुळई. हे बोलणारा स्वतः सुताराच्या घरात वाढलेला. आख्खी तुळई डोळ्यात घेऊन एक माणूस दुसऱ्याच्या डोळ्यातला कण काढायला निघालाय, हे चित्र ऐकणाऱ्यांना हसू यावं असंच आहे. माझ्या वर्गातली मुलगी हसली ते बरोबरच होतं. अशा माणसाला येशू जो शब्द वापरतो तो 'ढोंगी' या अर्थाचा आहे, आणि ग्रीकमध्ये तोच शब्द रंगमंचावरच्या नटाला वापरत असत. न्यायाधीशाचं सोंग घेतलेला नट!

तिसरी गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. येशू 'कुसळ तसंच राहू द्या' असं म्हणत नाही. आधी आपलं मुसळ काढा, मग तुम्हाला स्पष्ट दिसेल आणि भावाचं कुसळ नीट काढता येईल, असा तो क्रम आहे. कुसळ टोचतंय, ते निघायलाच हवं. पण डोळ्यातला कण काढणं किती नाजूक काम! त्याला जवळ जावं लागतं, हात हलका लागतो, आणि समोरच्याने विश्वासाने डोळा उघडा ठेवावा लागतो. लांबून दगड मारून कुसळ निघत नाही.

इथे 'न्याय करणे' साठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचे अर्थ वेगळं करणं, ठरवणं आणि कोर्टात दोषी ठरवणं असे अनेक आहेत. मनाई आहे ती शेवटच्या अर्थाला. कारण त्याच अध्यायात पुढे, झाडाची परीक्षा फळावरून करा आणि खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा, असंही सांगितलंय. म्हणजे डोळे मिटून घ्यायला सांगितलेलं नाही.

दगड हातात घेतलेली माणसं

योहानच्या पुस्तकात ८व्या अध्यायात एक प्रसंग आहे. व्यभिचारात सापडलेल्या एका स्त्रीला लोक येशूसमोर आणतात. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे शिक्षा दगडमाराची. खरं तर त्या नियमात स्त्री आणि पुरुष दोघांनाही शिक्षा आहे, पण तो पुरुष त्या गर्दीत कुठेच दिसत नाही. चारचौघांतला न्याय अनेकदा असाच असतो. जो हाताशी सापडतो, ज्याला बोलता येत नाही, त्याच्यावर सगळा भार येतो.

येशू खाली वाकून जमिनीवर बोटाने लिहीत बसतो. लोक फारच मागे लागतात तेव्हा तो एवढंच सांगतो, की तुमच्यात ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड मारावा. मग एकेक जण निघून जातो आणि वयाने मोठे असलेले आधी जातात. आजी हे सांगताना इथे थांबायची. म्हणायची, "म्हाताऱ्यांना आपली यादी लवकर आठवली गं."

शेवटी येशू त्या स्त्रीला सांगतो, की मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, पण पुन्हा पाप करू नको. दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. चूक ही चूकच, पण त्या चुकीबरोबर तुझं आयुष्य संपलं असं मी म्हणणार नाही. वर्गात आपल्याला नेमकं हेच जमवायचं असतं.

गळका घडा

ख्रिस्ती परंपरेतली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. इसवी सनाच्या ४थ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात, स्केटिस नावाच्या ठिकाणी, बरेच संन्यासी राहत. त्यांच्यात मोशे नावाचे एक वडीलधारे होते, आब्बा मोशे. आब्बा म्हणजे बाबा. हे आधी दरोडेखोर होते, असं सांगतात.

एकदा तिथल्या एका भावाच्या हातून काही चूक झाली. सगळ्यांनी बैठक बोलावली. मोशे जाईनात. पुन्हा निरोप आला तेव्हा ते उठले, एक गळका घडा पाण्याने भरला आणि पाठीवर घेऊन निघाले. (काही ठिकाणी घड्याऐवजी भोकाच्या टोपलीतली वाळू आहे.) लोकांनी विचारलं, हे काय? ते म्हणाले, माझी पापं माझ्या मागे गळताहेत, मला ती दिसत नाहीत आणि मी आज दुसऱ्याच्या चुकीचा न्याय करायला निघालोय. बैठकीने त्या भावाला काही न बोलता माफ केलं.

मला या गोष्टीत घड्याची जागा महत्त्वाची वाटते. घडा पाठीवर आहे. आपला ओघळ आपल्या मागे पडतो, तो मागून चालणाऱ्यालाच दिसतो. माझा स्टॅम्प पॅड त्या आईला फाटकातून दिसत होता. मला समोर असून दिसला नाही.

'खोटं बोलला' आणि 'खोटारडा आहे'

६व्या शतकात गाझाजवळच्या एका मठात दोरोथेउस नावाचे गुरू होऊन गेले. त्यांनी नव्या शिष्यांना याच विषयावर शिकवताना तीन पायऱ्या सांगितल्या. आपल्या भाषेत त्या अशा मांडता येतील :

१. तो खोटं बोलला, हे मागे इतरांना सांगत फिरणं. ही निंदा.
२. तो खोटारडा आहे, असं ठरवून टाकणं. हा न्यायनिवाडा. इथे आपण एका कृतीवरून सगळा माणूस ठरवला.
३. असला माणूस आपल्याला नकोच, असं मनात धरणं. हे तुच्छ लेखणं. हे सगळ्यात वाईट.

मी हे वाचलं तेव्हा मला आपली शिक्षकांची खोली आठवली. चहाचा कप संपेपर्यंत आपण या तिन्ही पायऱ्या चढून जातो. "आज याने वही आणली नाही" पासून सुरुवात होते, "हा आहेच आळशी" पर्यंत पोचतो आणि शेवटी "त्या वस्तीवरची पोरं अशीच" इथे येऊन टेकतो. शेवटच्या वाक्यात तर एका मुलाबरोबर सगळी वस्ती दोषी ठरली.

आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि वर्णनात्मक नोंदी लिहिणं सुरू झालं. त्यामागचा विचार मला या पायऱ्यांशी जुळणारा वाटतो : मूल काय करतं ते लिहा, मूल काय 'आहे' ते लिहू नका. मूल्यमापन हे आपलं कामच आहे, ते टाळता येत नाही. पण मूल्यमापन आणि न्यायनिवाडा यांत फरक आहे. मूल्यमापन पुढच्या पावलासाठी असतं. न्यायनिवाडा फाईल बंद करण्यासाठी असतो.

मी आता नोंदी लिहिताना असे बदल करते :

- 'आळशी आहे' ऐवजी 'या महिन्यात सहा वेळा गृहपाठ अपूर्ण. वर्गातले काम वेळेत करतो.'
- 'भांडखोर आहे' ऐवजी 'खेळात बाद झाल्यावर चिडतो. दोनदा ढकलाढकली केली.'
- 'पालकांचे सहकार्य नाही' ऐवजी 'पालक तीन सभांना येऊ शकले नाहीत; कारण विचारायचे आहे.'

शेवटची ओळ बघा. 'कारण विचारायचे आहे' हे शब्द मी तेव्हाच लिहिले असते, तर पहिल्याच सभेनंतर त्या घरी गेले असते.

डब्यावरून होणारा न्याय

रोममधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत जेवणावरून तट पडले होते. काही जण सगळं खायचे, काही फक्त भाजीपाला. पौलाने त्यांना पत्रात लिहिलं, की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. (रोमकरांस पत्र, अध्याय १४.) सुमारे दोन हजार वर्षं झाली, पण आपल्या शाळेत डबे उघडल्यावर हेच ऐकू येतं. एकाच्या डब्यात सुकट निघाली की "शी!" आणि दुसरा अंडं खात नाही म्हणून त्याची टिंगल. दोन्ही बाजूंना पौलाने एकाच वाक्यात समजावलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि हे नुसतं इतरांना सांगायचं नाही. आमच्या मंडळीतही उपासना संपली की बाहेर अंगणात कोण किती रविवार आला नाही, कुणाची मुलगी कुठे पळून गेली, याची चर्चा रंगते. आत प्रवचन डोंगरावरचं आणि बाहेर न्यायालय भरलेलं! शिकवण जवळ असली म्हणजे ती अंगी आलीच असं नाही.

मग चुकीला चूक म्हणायचंच नाही का?

म्हणायचं. मत्तयच्या १८व्या अध्यायात त्याची रीतही दिली आहे. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना त्याची चूक त्याला दाखव. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरी ऐकलं नाही, तर मग मंडळीला सांग. आपण नेमका उलटा क्रम लावतो. आधी सगळ्यांना सांगतो आणि ज्याची चूक त्यालाच शेवटी कळतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे लिहिते. मुलाला कुणी इजा करत असेल, त्याचा छळ किंवा लैंगिक शोषण होत असेल, तर तिथे 'आपण कोण न्याय करणारे' म्हणून गप्प बसणं हा या शिकवणीचा सरळ दुरुपयोग आहे. लैंगिक शोषणाबद्दल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांकडे माहिती देणं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे. माणसाचा अंतिम न्याय आपल्या हातात नाही, पण दुबळ्याचं रक्षण आपल्या हातात आहे. दगड खाली ठेवायला सांगणारा येशू त्या स्त्रीच्या बाजूला उभा होता, गर्दीच्या नाही.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. वहीचा खेळ : मुलांना आपली वही डोळ्यांच्या अगदी जवळ धरायला सांगा आणि मित्राच्या वहीवरचा छोटा ठिपका बघायला सांगा. दिसत नाही. मग वही खाली करायला सांगा. कुसळ-मुसळाचा अर्थ दोन मिनिटांत कळतो. (मला ही युक्ती त्या मुलीच्या प्रश्नानंतर सुचली.)

२. 'पाहिलं की ठरवलं?' : फळ्यावर दोन रकाने करा आणि वाक्यं सांगा. 'तो आज बोलला नाही', 'तो घमेंडी आहे', 'तिने रंग दिले नाहीत', 'ती कंजूस आहे'. प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यात जाईल ते मुलं ठरवतील. नंतर विचारा, तिने रंग का दिले नसतील? माझ्या वर्गात एका प्रश्नाला सात कारणं निघाली. त्यातलं एक होतं, "मागच्या वेळी परत मिळाले नव्हते."

३. पालकांसाठी : घरी शेजारच्यांबद्दल, नातेवाइकांबद्दल आणि हो, आम्हा शिक्षकांबद्दलही बोलताना मुलं ऐकत असतात. "तो तसलाच आहे" असं म्हणण्याऐवजी "त्याने असं का केलं असेल?" एवढं मोठ्याने म्हणून बघा. आणि आपल्या मुलाला 'वेंधळा', 'हट्टी' अशी नावं ठेवू नका. मूल ते नाव धरून मोठं होतं.

४. स्वतःसाठी : कुणाबद्दल ठाम मत बनवण्याआधी मी एक प्रश्न विचारायचा प्रयत्न करते : या गोष्टीत माझ्या टेबलावर काय ठेवलेलं आहे? रोज जमत नाही. पण जमतं तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी सापडतं.

आता आमच्या पालक सभेत रजिस्टर टेबलावर नसतं आणि स्टॅम्प पॅडही नसतो. मी एकेका पालकाला बाजूच्या वर्गात बोलावते, आधी मुलाने केलेली एखादी चांगली गोष्ट सांगते, आणि सही किंवा अंगठा तिथेच घेते. पाच मिनिटं जास्त लागतात. गेल्या सभेला एक आजोबा फाटकाजवळ घुटमळताना दिसले. मी बाहेर गेले आणि म्हणाले, "या ना आजोबा, आत या."

आपल्या शाळेच्या फाटकाजवळ कोण उभं आहे, तेही एकदा बघा.